आईचे गुण

घरात नवे यंत्र आले की मी शक्यतो दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. उभी नोकरी संगणकाच्या पोटात डोके घालून काढलेल्या माणसाने असे म्हणावे, याचे आमच्या हिला हसू येते. पण हलवाई कुठे जिलबी खातो? निवृत्त झाल्यावर मी मनाशी ठरवले होते, आता बटण दाबायचे ते फक्त पंख्याचे आणि दिव्याचे.

गेल्या दिवाळीत हा नेम मोडला. धनत्रयोदशीला चिरंजीव बंगळूरहून सहकुटुंब आले. फराळाचा डबा उघडण्याआधी त्यांनी आपली पिशवी उघडली आणि तिच्यातून तळहातापेक्षा थोडे मोठे, काळेभोर, गुळगुळीत असे काहीतरी बाहेर काढले. दिसायला एखाद्या शौकीन माणसाच्या पानाच्या डब्यासारखे. वर पडदा, खाली चार बटणे, डावीकडे अधिकाच्या चिन्हासारखी एक कळ, आणि पाठीला एक खाच.

"बाबा, हे ॲनलॉग पॉकेट. जुन्या गेमबॉयच्या कार्ट्रिज यात चालतात."

"म्हणजे कॅसेट?" मी विचारले.

"कार्ट्रिज, बाबा."

आता ज्याला सारा महाराष्ट्र कॅसेट म्हणत आला, त्याला कॅसेटच म्हणावे असे माझे मत आहे. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या मुलांनी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये ज्या श्रद्धेने फुंकर मारली, त्या श्रद्धेने कोणी शंखातही मारली नसेल. पण सणासुदीला वाद नको म्हणून मी गप्प बसलो.

चिरंजीव चिपांचे आराखडे करण्याच्या धंद्यात आहेत. त्यामुळे या यंत्राचे कौतुक सांगताना त्यांना चकलीचाही विसर पडला. त्यांच्या सांगण्यातले मला उमगले ते असे. जुना खेळ नव्या यंत्रावर खेळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली नकलेची. नव्या यंत्रात एक आज्ञावली घालायची आणि ती जुन्या यंत्राचे सोंग आणते. बहुतेक ठिकाणी हेच चालते. दुसऱ्या रीतीत एफपीजीए नावाची एक चिप असते. ती कारखान्यातून बाहेर पडते ती कोऱ्या पाटीसारखी. तिच्या आतल्या जोडण्या कशा असाव्यात हे मागाहून ठरवता येते. जुन्या यंत्राची मंडले जशी होती तशा जोडण्या तिच्यात उमटवल्या की ती चिप सोंग आणत नाही, ते यंत्रच होऊन बसते. आपल्या पुराणांत याला परकायाप्रवेश म्हणतात.

२०१९ साली या यंत्राची घोषणा झाली आणि २०२१ च्या डिसेंबरात ते लोकांच्या हाती पडू लागले. मूळ गेमबॉय १९८९ चा. त्याचा पडदा आडवा १६० आणि उभा १४४ ठिपक्यांचा. या नव्याचा १६०० आणि १४४०. म्हणजे जुन्या एका ठिपक्यासाठी नवे शंभर ठिपके राबतात! आणि एवढे राबून करतात काय? तर चिरंजीवांनी एक कळ दाबली मात्र, पडदा जुन्या गेमबॉयसारखा शेवाळी हिरवा झाला आणि ठिपक्याठिपक्यांतल्या फटीसुद्धा दिसू लागल्या. जुन्याचे गुण तर घेतलेच, पण दोषही जसेच्या तसे उचलले. २०२४ च्या अखेरीस निघालेल्या क्रोमॅटिक नावाच्या दुसऱ्या एका यंत्रात तर मुद्दामच १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा बसवला आहे.

मला हे पटायला वेळ लागला नाही, याचे कारण त्या जुन्या गेमबॉयचा जन्मच अशा बुद्धीतून झाला होता. तो करणारे गुनपेई योकोई हे जपानी गृहस्थ निंटेंडो कंपनीत होते. मुरलेले, स्वस्त झालेले, ज्याच्या खोडी सगळ्यांना ठाऊक आहेत असेच तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, असे त्यांचे सूत्र होते. म्हणून प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत, उजेडाचे पडदे चार-सहा तासांत सेल पिऊन टाकीत असताना त्यांचा तो चार करड्या-हिरव्या छटांचा पडदा चार सेलांवर कितीतरी जास्त टिकून राहिला, आणि बाजार त्यानेच जिंकला. आमच्या आईच्या भाषेत सांगायचे तर, कोंड्याचा मांडा.

आईचे नाव आले ते उगीच नाही. पण तिच्याकडे जायच्या आधी माळ्यावर जायला हवे.

माळ्यावर आमच्या अमेरिकेतल्या दिवसांची एक पेटी आहे. १९९८ ते २००४ अशी सहा वर्षे आम्ही न्यू जर्सीत, एडिसन गावी काढली. सन २००० उजाडताच जगातले संगणक वेडे होतील अशी तेव्हा भीती होती, आणि ते होऊ नयेत म्हणून जी हजारो भारतीय माणसे तिकडे गेली त्यांतला मी एक. पेटीत एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिरंजीवांचा गेमबॉय कलर निघाला. त्यातले दोन सेल कधीच गळून गेले होते, स्प्रिंगांवर हिरवा-पांढरा गंज चढला होता. यंत्र गेले होते. पण सोबत दोन कॅसेटी होत्या, त्या वरून तरी धडधाकट दिसत होत्या.

पहिली पोकेमॉन गोल्ड. दहाव्या वर्षी, २००० साली, चिरंजीवांचा जीव ज्याच्यात होता तो खेळ. ती नव्या यंत्राच्या खाचेत बसवली, चित्र आले, संगीत वाजले, आणि नवा खेळ सुरू करा एवढीच पाटी आली. जुना खेळ गायब. सहा-सात महिने राबून गोळा केलेली सारी प्राणिसंपदा नाहीशी झाली होती. पस्तीस वर्षांचा बाप्या क्षणभर दहा वर्षांच्या मुलासारखा दिसला.

"सेल गेला," तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितले. खेळ स्वतः कॅसेटमधल्या पक्क्या चिपेत कोरलेला असतो, तो जात नाही. पण तुम्ही खेळात कुठवर पोचलात, किती गुण मिळवलेत, हे लिहिले जाते ते दुसऱ्या चिपेत, आणि तिला सतत विजेचा घोट लागतो. यंत्र बंद असताना तो घोट पाजायला कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. त्यात या पोकेमॉनच्या कॅसेटमध्ये एक घड्याळही त्याच सेलावर चालते, म्हणून तो लवकर संपतो. सेल संपला की आठवण संपली. उरतो तो खेळ, खेळणारा उरत नाही.

मी नुसता हूं म्हणालो. दुसरी कॅसेट काळ्या रंगाची होती. टेट्रिस डीएक्स. ती यंत्रात घातली, पण काही दिसेना. माझा हात नकळत पुढे झाला, मी ती काढली आणि खालच्या पितळी दातांवर फुंकर मारणार, तोच चिरंजीव ओरडले, "बाबा, फुंकू नका! थुंकीच्या ओलाव्याने संपर्क गंजतात." म्हणजे एका अख्ख्या पिढीने जो उपाय म्हणून केला तोच अपाय होता. त्याने कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक दात पुसला. काडी काळीकुट्ट झाली. पुन्हा कॅसेट बसवली.

या वेळी खेळ सुरू झाला. आणि खेळाडूंच्या नावांत, इंग्रजी चार अक्षरांत, एक नाव आले: आजी.

आमची सहा वर्षांची नात शेजारी बसली होती. तिला इंग्रजी अक्षरे लागतात. तिने नाव वाचले आणि धावत स्वयंपाकघरात जाऊन आमच्या हिला विचारले, "आजी, तू गेम खेळतेस?"

"ती ही आजी नव्हे गं," चिरंजीव म्हणाले. "माझी आजी. तुझी पणजी."

त्यांनी कळ दाबून गुण काढले. ९७,३४०.

आई २००० सालच्या दसऱ्याला आमच्याकडे आली आणि पुढच्या एप्रिलात परत गेली. सहा महिने. वय सहासष्ट. सगळा जन्म साताऱ्यात, दाराला कडी न लावता राहिलेली बाई. एडिसनच्या तिसऱ्या मजल्यावर तिला कडी, साखळी आणि कुलूप अशा तीन गोष्टींशी आधी ओळख करून घ्यावी लागली. सून कामावर, नातू शाळेत, मुलगा ऑफिसात. ३० डिसेंबरला मोठे हिमवादळ झाले. फूटभराहून जास्त बर्फ साचला आणि खाली उतरून फाटकापर्यंत जाण्याची तिची एकुलती एक चैनही बंद झाली.

तेव्हा नातवाने तिच्या हाती आपला गेमबॉय दिला. पोकेमॉनमधले तिला काही कळले नाही, "ही कसली जनावरं रे, ना दूध ना ओझं," असे म्हणून तिने ते परत केले. पण टेट्रिस तिने पाहिले आणि तिचे डोळे चमकले. वरून तुकडे पडतात, ते फिरवून अशा रीतीने रचायचे की फट राहू नये. माळ्यावर भांडी रचण्यात जिची हयात गेली, तिला हे कोण शिकवणार? तिने त्या सात तुकड्यांना आपली नावे ठेवली. लांब तो लाटणं. चौकोनी ती वडी. काटकोनात वळलेले दोघे उलथणी. एक डावीकडे आणि एक उजवीकडे नागमोडी वळणारे दोघे म्हणजे भाऊबंद, "कारण मेले एकमेकांत कधी बसायचे नाहीत." सातवा, मध्ये टेंगूळ असलेला, त्याला ती माझ्या थोरल्या काकांचे नाव घेऊन हाक मारी. ते नाव इथे सांगत नाही, त्यांची मुले हा अंक वाचतात.

त्या गेमबॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. बाहेरचा उजेड पडेल तेवढेच त्यात दिसायचे. म्हणून ती खिडकीपाशी खुर्ची ओढून, बर्फाच्या पांढऱ्या प्रकाशाकडे पाठ करून बसायची. संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा दिव्याखाली. मला पाहिले की म्हणायची, "ये रे, एक डाव तू, एक डाव मी."

मी म्हणायचो, "उद्या, आई."

खोटे सांगत नाही, मला खरोखर वेळ नव्हता. सन २००० आले आणि कोणाचाही संगणक वेडा झाला नाही. मग ती शहाणपणाची माणसे कंपन्यांना जड वाटू लागली. त्यातच इंटरनेटच्या धंद्यांचा फुगा फुटला. दर शुक्रवारी कोणीतरी खोक्यात सामान भरून निघून जायचे. नोकरी गेली तर व्हिसा गेला, व्हिसा गेला तर मुलाची शाळा गेली. मी रात्री दहा-दहापर्यंत बसायचो, आणि घरी आल्यावरही डोके तिकडेच असायचे. त्या सहा महिन्यांत मी आईबरोबर टेट्रिसचा एकही डाव खेळलो नाही. एप्रिलात विमानतळावर तिने मला विचारले, "कामाचं बरं चाललंय ना रे?" मी हो म्हणालो. त्यानंतर तिची माझी भेट झाली नाही. २००३ च्या श्रावणात ती गेली, आणि मी पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते.

पडद्यावरचा तो आकडा पाहून चिरंजीव हरखून गेले होते. "बाबा, सत्त्याण्णव हजार! आजी काय खेळायची! मला कधी पन्नासच्या वर जाता आलं नाही."

मी मात्र दुसराच हिशेब करीत होतो. उभा जन्म हिशेबांत गेल्यामुळे ही खोड जात नाही. साताऱ्याची एक म्हातारी, जिने टेलिफोनची तबकडीही जपून फिरवली, ती सत्त्याण्णव हजारांपर्यंत पोचायला किती डाव लागले असतील? एक डाव दहा-पंधरा मिनिटांचा धरा. किती दुपारी लागल्या असतील? मराठीत आपण गुण हा शब्द दोन अर्थांनी वापरतो, परीक्षेतले गुण आणि माणसाचे गुण. त्या पडद्यावर आईचे दोन्ही गुण लिहिले होते, तिची हुशारी आणि तिचे सोसणे. ती कधी म्हणाली नाही की मला इथे एकटे वाटते. तिने ते एका खेळात घातले, आणि खेळाने ते आकड्यात लिहून ठेवले. पंचवीस वर्षे एक नाण्याएवढा सेल ते पाठ म्हणत बसला होता.

"अजून किती टिकेल हा?" मी विचारले.

"सांगता येत नाही, बाबा. आज आहे, उद्या नाही."

हा उद्या फार जुन्या ओळखीचा वाटला.

तेवढ्यात नातीने यंत्र उचलले आणि आजी हेच नाव निवडून ती खेळ सुरू करणार, असा पवित्रा घेतला. त्या नावावर ती खेळली आणि चुकून जास्त गुण मिळवले तर जुना आकडा पुसला जाणार. चिरंजीवांनी यंत्र काढून घेतले, तिने भोकाड पसरले, ही स्वयंपाकघरातून लाटण्यासकट बाहेर आली, आणि सणाच्या घरात जे व्हायचे ते सगळे झाले.

रात्री निजानीज झाल्यावर चिरंजीव माझ्याजवळ आले. सेल बदलता येतो, म्हणाले. पण जुना काढला की आठवण त्याच क्षणी जाते. म्हणून आधी कॅसेट वाचणारे एक छोटे उपकरण संगणकाला जोडायचे, आतला मजकूर उतरवून घ्यायचा, मग सेल बदलायचा आणि मजकूर परत भरायचा. मजकूर तो किती? हल्ली फोनवर काढलेल्या एका फोटोच्या शंभराव्या हिश्शाइतकासुद्धा नाही.

"म्हणजे मग ती आजीची खरी नोंद राहणार नाही," मी म्हणालो. "नक्कल होईल."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "देवघरातली पोथी पणजोबांनी हाताने उतरवून घेतलीय ना? आजी तीच वाचायची."

पोर चिपांचे आराखडे करते, पण वेळेला बरोबर तुकडा बरोबर फटीत टाकते. हा गुण कोणाकडून आला ते सांगायला नको.

पाडव्याला दुपारी आम्ही दोघे बसलो. कॅसेटचा स्क्रूदेखील असा चमत्कारिक की साधा पेचकस त्याला चालत नाही. त्यासाठी निराळा लागतो, तो चिरंजीवांनी आणला होता. आधी मजकूर उतरवला, एकदा नव्हे, दोनदा, आणि दोन्ही प्रती जुळतात का ते ताडून पाहिले. मग कॅसेट उघडली. आत हिरव्या पट्टीवर तो सेल होता, जरासा काळवंडलेला. जुना सेल त्याने उष्णता देऊन सोडवला, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो. नवा सेल ठेवून डाग दिला. मग कॅसेट यंत्रात घालून पाहिली, तर नावांची जागा रिकामी. ठाऊक होते, तरी छातीत धस्स झाले. पाच मिनिटांनी मजकूर परत भरला आणि पुन्हा पाहिले.

आजी. ९७,३४०.

जुना सेल मी फेकू दिला नाही. माझ्या चष्म्याच्या घरात ठेवला आहे. आमची ही म्हणते, हा आणखी कचरा कशाला?

भाऊबीज आटोपून मंडळी बंगळूरला परत गेली. जाताना चिरंजीव यंत्र इथेच विसरले. विसरले असे तेच फोनवर म्हणाले, आणि पुढच्या खेपेला नेतो असेही म्हणाले. मी खोदून विचारले नाही.

आता रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, मी त्या खिडकीपाशी बसतो. या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड आहे, खिडकीची काही गरज नाही, तरी बसतो. आईच्या नावाखाली मी माझे नाव घातले आहे. परवापर्यंत माझे सर्वांत जास्त गुण होते २,३१०. नातीने फोनवर ते ऐकले आणि म्हणाली, "आबा, तुला येतच नाही!" खरे आहे तिचे. लाटणे येते तेव्हा मी ते आडवे टाकतो, आणि भाऊबंद एकमेकांच्या डोक्यावर चढून बसतात. पण काल ३,०८० झाले.

नवा सेलही वीस-पंचवीस वर्षे सहज टिकेल, असे चिरंजीव म्हणतात. तोवर तो पुन्हा बदलायला कोणीतरी हवे, एवढेच. तेवढ्या काळात आईला गाठीन असा काही माझा दावा नाही. मी आपला रोज एक डाव खेळतो. खेळण्याआधी तिचे गुण उघडून पाहतो, म्हणजे तिचा डाव झाला असे मी धरतो. मग माझा.